बिदागी, उचल आणि तिकीट

सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन १८५१ साली वारले आणि विष्णुदास भाव्यांच्या पायाखालची वाळू सरकली. १८४३ मध्ये राजांच्याच इच्छेवरून भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं होतं. मंडळी तयार झाली होती आणि खर्चाची काळजी संस्थानाला होती. राजे गेल्यावर ती काळजी भाव्यांच्या अंगावर आली. त्यांनी मंडळी मोडली नाही. ती घेऊन ते बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तो १८४३ च्या सांगलीतल्या प्रयोगासाठी. मला मात्र दहा वर्षांनंतरचे ते मुंबईतले खेळ जास्त ओढतात. सांगलीत पैसे देणारा राजा होता. मुंबईत पैसे देऊन आत आलेला माणूस भाव्यांच्या ओळखीचाही नव्हता.

सांगलीला लागूनच मिरज, माझं गाव. तिथे पुढे हीच गोष्ट गाण्यात घडली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर लहान असताना दत्तजयंतीला फटाका उडून त्यांचे डोळे अधू झाले. नीट दिसेना, शाळा सुटली, आणि मुलाला गाणं शिकवा असा सल्ला घरच्यांना मिळाला. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम सुरू झाली आणि मिरज संस्थानानं पोराच्या राहण्याजेवण्याची सोय लावली. वर्षानुवर्षं असं सुरळीत चाललं. मग गावातल्या एका समारंभाचं आमंत्रण विष्णु दिगंबरांना आलं आणि त्यांच्या गुरूंना आलं नाही, अशी हकिकत सांगतात. चौकशी केली तेव्हा कळलं की बुवांना बोलवायला हवं असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. गवई तो, त्याला गायला बोलावतात. मानानं बसायला कशाला? शिष्याला बोलावलं होतं ते राजाच्या मर्जीतला म्हणून. हे त्यांच्या जिव्हारी लागलं. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडलं.

ते चिडून गेले एवढंच असतं तर आज कोणी आठवण काढली नसती. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असे ते हिंडत राहिले, आणि या भटकंतीत सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. तोवर गवयाचं गाणं राजवाड्यात नाही तर देवळात. राजवाड्यात गवयाला मिळे ती बिदागी. बिदागीचा आकडा आधी ठरलेला नसे. तो यजमानाच्या मर्जीवर. मर्जी बसली तर शालजोडी आणि मोहरा, नाही बसली तर दिवाणखान्याबाहेर आठवडाभर ताटकळत बसायचं आणि मिळेल ते घेऊन निघायचं. तिकिटाचा भाव गाण्याच्या आधी ठरतो आणि तो गाणाराच ठरवतो. समोर कापडवाला बसेल, वकील बसेल, पोस्टातला कारकून बसेल, आणि त्या तिघांपैकी एकालाही गवयाला ताटकळत ठेवता येणार नाही.

मी पुण्यात कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करते. गाणारे, वाजवणारे, ध्वनिमुद्रण करणारे, नाटकाला संगीत देणारे, रॅप करणारे असे बरेच जण आमच्याकडे हिशेबासाठी येतात. मिरजेची म्हणून की काय, ही फाइल कार्यालयात आपोआप माझ्या टेबलावर येऊन पडते. शाळेत जाताना सतारमेकर गल्लीतून जायचं, कोरडे भोपळे आणि लाकडाचा भुसा बघायचा, कुठूनतरी जवारी लावतानाचा तारेचा आवाज ऐकायचा, हे माझं बालपण. गाणं मला येत नाही. गाणाऱ्याचं घर कसं चालतं ते मात्र बारकाईनं दिसतं, आणि ते बघताना विष्णु दिगंबर पुन्हा पुन्हा आठवतात. कारण आज स्वतःच्या बळावर उभं राहू पाहणाऱ्या मुलामुलींच्या वहीत जे जे खातं आहे, ते ते या माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वी उघडून पाहिलेलं आहे.

५ मे १९०१ ला त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कोणा एका राजाच्या खजिन्यातून नाही. लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या मैफलींचं उत्पन्न यांतून. १९०८ मध्ये मुंबईत शाखा आली. तिथे त्यांनी काय काय उभं केलं ते पाहिलं की आजचा उद्योजकही थक्क होईल. स्वतःची स्वरलिपी होती. ती छापायला स्वतःचा छापखाना होता. शिकायला पुस्तकं होती, मासिक होतं. वाद्यं दुरुस्त करायला कारखाना होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उपदेशक वर्ग: ठरावीक वर्षं राहून शिकायचं आणि मग गावोगाव जाऊन शिकवायचं, असा करार केलेले विद्यार्थी. त्यांच्या जेवणाखाण्याचा खर्च विद्यालयाचा, म्हणजे शेवटी विष्णु दिगंबरांच्या गळ्याचा.

मुंबईत मोठी इमारत बांधली ती कर्जावर. कर्जाचे हप्ते फेडायला दौरे करायचे, दौऱ्यावर असताना विद्यालयाकडे लक्ष कमी, लक्ष कमी म्हणून आवक कमी, की पुन्हा दौरा. हे चक्र मी आजही माणसांच्या चेहऱ्यावर बघते. १९२४ च्या सुमारास ती इमारत लिलावात गेली. पुढे ते नाशिकला जाऊन राहिले आणि १९३१ च्या ऑगस्टमध्ये मिरजेतच वारले. ज्या गावातून मान मिळाला नाही म्हणून निघाले, त्याच गावात.

हिशेबनिसाच्या नजरेनं पाहिलं तर हा धंदा बुडाला. मी तसं मानायला तयार नाही. इमारत गेली, माणसं राहिली. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, विनायकबुवा पटवर्धन, बी. आर. देवधर ही सगळी त्यांच्याच हाताखालची. देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईत स्वतःची संगीतशाळा काढली, विनायकबुवांनी १९३२ मध्ये पुण्यात. १९३१ मध्येच शिष्यांनी मिळून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा महाराष्ट्रातल्या किती घरांत पोचल्या आहेत ते सांगायला नको. ज्यांच्या घरात कोणी गात नाही त्यांच्याही कपाटात एखादं प्रमाणपत्र निघतं. त्या परीक्षांमुळे प्रत्येक तालुक्यात गाण्याचा क्लास उभा राहिला. गायला येतं पण दरबार नाही, कंपनी नाही, रेडिओवर नाव नाही, अशा हजारो माणसांना इज्जतीची भाकरी त्या क्लासनं दिली. आजही माझ्याकडच्या फायलींत सगळ्यात भरवशाचं खातं शिकवणीचं आहे. फरक एवढाच की बोरिवलीतली गायिका पहाटे उठून न्यू जर्सीतल्या मराठी मुलींना यमन शिकवते आणि रात्री मेलबर्नहून कोणी पेटी घेऊन बसतं.

या सगळ्यात ज्या व्यक्तीबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो ती मात्र विष्णु दिगंबर नव्हेत. त्या ताराबाई माने.

बडोद्याच्या दरबारात उस्ताद अब्दुल करीम खाँ होते तेव्हा ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होत्या. मोठ्या सरदाराची मुलगी, राजघराण्याच्या नात्यातली. दोघं बडोदा सोडून निघून गेली. दरबाराचा आश्रय गेला तो गेलाच. खाँसाहेबांनीही पुढे स्वतःची संस्था काढली, १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय. पाच मुलं झाली. मग ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्या काळात एका बाईनं पाच मुलांसह, नवऱ्याविना, गाण्याच्या जोरावर मुंबईपुण्यात उभं राहायचं, हे नुसतं लिहितानाही माझा हात थबकतो. मुलांची नावं बदलली. चंपाकली हिराबाई झाली, अब्दुल रहमान सुरेशबाबू झाला, सकीना सरस्वती झाली.

हिराबाई बडोदेकर १९०५ च्या मे महिन्यात मिरजेत जन्मल्या. सुरेशबाबू आणि अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे त्या शिकल्या. त्यांच्या जाहीर गाण्याची सुरुवात विष्णु दिगंबरांच्याच मुंबईच्या विद्यालयात झाली, म्हणजे एका स्वतंत्र माणसानं बांधलेल्या मंचावर दुसरी स्वतंत्र बाई बसली. मग त्यांनी तिकीट लावून मैफली केल्या. बाईनं तिकीट लावून गायचं हे त्याआधी जवळजवळ कोणी पाहिलेलं नव्हतं. बाई गाते म्हणजे कोणाच्या तरी दिवाणखान्यात, कोणाच्या तरी आश्रयानं गाते, आणि ऐकायला जाणारा घरी सांगून जात नाही, असा तो काळ. ताराबाईंनी मुलीला शिकवलं होतं म्हणे की हातवारे नकोत, नखरा नको, मांडी घालून बसायचं आणि गायचं. समोर तिकीट काढून बायकामुलांसह आलेली माणसं होती. तिकिटानं इथे पैशापलीकडचं काम केलं. कोणाची ‘ठेवलेली’ असण्याची गरज संपवली. त्यानंतर घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या कितीतरी मुली मैफलीत गायला बसल्या त्या या वाटेनं.

मायलेकींनी नाटक कंपनीही काढली. नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा. बालगंधर्वांच्या जमान्यात स्त्रीभूमिका बायकांनीच करायच्या असा धीट बेत. कंपनी चालली, मग कर्जात बुडाली. हिराबाईंनी ते कर्ज मैफली करून फेडलं. गावोगाव फिरून, रात्र रात्र गाऊन. पुढे संगीत नाटक अकादमी, १९७० चं पद्मभूषण हे सगळं आलं, त्याची यादी कोणीही देईल. माझ्या डोळ्यांसमोर मात्र एक वही येते. त्या वहीत एका बाजूला सावकारांची नावं आहेत, दुसऱ्या बाजूला गावांची, आणि गावाचं एक नाव वाढलं की सावकाराची रक्कम थोडी उतरते. अशी वही होती की नाही, देव जाणे. कर्ज फिटलं, एवढं खरं.

आता आजच्या वह्यांकडे येते.

माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं ‘मी इंडिपेंडंट आहे’ असं सांगतात. म्हणजे कंपनीशी करार नाही, गाणं घरी केलंय, वितरकाच्या ॲपवरून सगळीकडे चढवलंय. त्यांचा अभिमान रास्त आहे. पूर्वी स्टुडिओचा एक दिवस परवडायचा नाही. आज एक बरा माइक, एक ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप आणि गाद्या लावलेली खोली एवढ्यावर ऐकण्याजोगं काम होतं. २०२४ साली जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ मराठी न समजणाऱ्यांनीही नाचून डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सवरून जगभर गेलं. मराठीत गाऊन कोण ऐकणार, हा प्रश्न त्या वर्षानं निकालात काढला, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

पण अपलोड करता येणं आणि पोट भरता येणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर मला आकड्यांत दिसतं. स्पॉटिफायसारख्या सेवेवर तुमचं गाणं मी ऐकलं म्हणून माझ्या वर्गणीतले पैसे तुमच्याकडे येतात असं नाही. सगळ्यांची वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे आधी एका हंड्यात जातात. मग एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा, त्याला त्या प्रमाणात मिळतात. मी महिनाभर फक्त एका तरुण गायिकेलाच ऐकलं तरी माझ्या वर्गणीचा मोठा भाग त्या महिन्यात ज्यांची गाणी सगळ्यात जास्त वाजली त्यांच्याकडेच जाणार. त्यातून २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा की गेल्या बारा महिन्यांत १००० वेळा वाजलं नाही त्या गाण्याला काहीच नाही. वितरकाचं विवरण घेऊन मुलं येतात. देशांची लांबलचक यादी असते, कॅनडा, संयुक्त अरब अमिराती, जर्मनी, आणि प्रत्येक देशापुढे पैशांचे अपूर्णांक. त्या यादीकडे बघून कौतुक वाटतं आणि बेरजेकडे बघून पोटात तुटतं.

दरबार गेला असं आपण समजतो. मला तर यात जुन्या बिदागीचाच तोंडवळा दिसतो. आकडा आधी ठाऊक नाही, ठरवणारा दिसत नाही, आणि त्याची मर्जी कशानं बसेल ते कोणाला कळत नाही. मग मुलं मर्जी सांभाळायला लागतात. पहिल्या पाच सेकंदांत काहीतरी घडलंच पाहिजे, रोज एक रील टाकलंच पाहिजे. त्यात जाणारा वेळ रियाजातून जातो. एका उत्तम सारंगीवादकाला मी मोबाइलसमोर ओठ हलवून विनोद करताना पाहिलं आणि त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

हक्कांची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष असतं. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, ध्वनिमुद्रण ही दुसरी. ध्वनिमुद्रण कंपनीला विकलं तरी गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा त्यांना लिहून देऊन टाकता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. २०१२ च्या कायदादुरुस्तीनं हे पक्कं केलं. त्या वाट्याची वसुली आयपीआरएस ही संस्था करते, १९६९ पासूनची आहे. आणि तरीही माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या दहा जणांतले निम्मे तिचे सभासद नसतात. चार मित्रांनी मिळून गाणं केलं, शब्द कोणाचे, चाल कोणाची, बीट कोणाचं, कोणाचा किती टक्का, हे एका कागदावर लिहून सह्या करा म्हटलं की चौघांनाही अवघडल्यासारखं होतं. मैत्रीत कसले कागद? गाणं चालत नाही तोवर खरंच कागद लागत नाही. चाललं की त्याच आठवड्यात चौघांचं बोलणं बंद होतं.

तमाशाच्या फडमालकांना हे व्यवहार फार आधीपासून कळतात. नारायणगावात जत्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येतात, भाव होतो, सुपारी ठरते, तारीख पक्की होते. कलावंताला हंगामाच्या तोंडावर उचल मिळते. ती फडमालक देतो, आणि त्यासाठी तो स्वतः बऱ्याचदा व्याजानं पैसे काढतो. उचल मिळाली त्या दिवशी घरात सण असतो. मग सगळा हंगाम ती फेडण्यात जातो, आणि पाऊस लागला की पुन्हा नवी उचल. संगीत कंपनीचा करार घेऊन एखादा तरुण हसत हसत येतो, ‘ॲडव्हान्स मिळाला’ म्हणतो, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा हेच समजावते. ही उचल आहे. गाण्याच्या कमाईतून आधी ती वसूल होणार, चित्रीकरणाचा खर्च वसूल होणार, जाहिरातीचा होणार, आणि मग तुझा वाटा सुरू. तोवर गाण्याचा मालक कोण? ते कलम कुठे आहे ते दाखव. तू गावाकडचा आहेस, उचल तुला माझ्याहून जास्त कळते.

उचल घेऊच नये असं मी म्हणत नाही. विष्णु दिगंबरांनी कर्ज काढलं, हिराबाईंच्या कंपनीनं काढलं. कर्जाशिवाय इमारत होत नाही आणि पहिला अल्बमही होत नाही. फेडायचं कशातून, हे मात्र आधी ठाऊक हवं. त्या दोघांकडे उत्तर होतं: तिकीट काढून येणारा श्रोता.

तोच श्रोता आपण हळूहळू मोडीत काढला, आणि याचं मला खरं दुःख आहे. दिवाळी पहाट घ्या. किती सुंदर कल्पना. थंडी, अभ्यंगस्नान, नवे कपडे आणि भूप. पण शहरातल्या बऱ्याचशा दिवाळी पहाट आता ‘मोफत प्रवेशिका’वर चालतात. मागे बिल्डरचा फलक, बाजूला नगरसेवकांचे हसरे चेहरे, मध्यंतरात सत्कार. गायकाला मानधन मिळतं, चांगलं मिळतं, मी त्याच्या पावत्या बघते आणि दहा टक्के टीडीएस कापला की नाही ते तपासते. तक्रार त्या मानधनाची नाही. जो श्रोता वर्षानुवर्षं फुकट ऐकतो, त्याला तीनशे रुपयांचं तिकीट महाग वाटायला लागतं. तो कंजूष नसतो. सहकुटुंब सिनेमाला जातो, मध्यंतरात पॉपकॉर्नवर तिकिटापेक्षा जास्त खर्च करतो. गाण्याला पैसे द्यायचे असतात ही सवय मात्र त्याच्या हातातून गेलेली असते. आणि उद्या बिल्डरचा हात आखडला, निवडणूक झाली, की पहाटही नाही आणि श्रोताही नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांत कोल्हापूरकडची एक तरुण गायिका आहे, किराणा घराण्याची तालीम घेतलेली. स्पर्धा जिंकली, वाहिनीवर दोन-चार वेळा दिसली आणि मग फोन यायचे बंद झाले. मग तिनं स्वतःच बैठकी सुरू केल्या. इचलकरंजी, निपाणी, गडहिंग्लज, सातारा. कोणाचा तरी मोठा हॉल, कधी शाळेचं सभागृह, कधी वाड्याचा चौक. माइक नाही किंवा अगदी एकच. ऐकणारे पन्नास-साठ. तिकीट ठरलेलं आणि ते सगळ्यांना, आमंत्रण देणाऱ्या घरमालकालाही. घरमालक आनंदानं काढतात, असं ती सांगते. तिच्या हिशेबाची पद्धत मला फार आवडते. पहिल्यांदा तबला आणि पेटी यांचे पैसे बाजूला. ते आधीच ठरलेले. लोक कमी आले तरी कमी होत नाहीत. मग प्रवास. मग चहा. उरेल ते तिचं. सुरुवातीला काही उरत नसे. तिनं एक वही केली, आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि नंबर त्यात. पुढच्या वेळी ती स्वतः फोन करते. लोकांना नवल वाटतं, गायिकेनं फोन केला म्हणून. येताना ते शेजाऱ्याला घेऊन येतात.

मोठमोठ्या आकड्यांच्या जगात पन्नास-साठ माणसं म्हणजे कोणी ढुंकूनही बघणार नाही. पण तिच्या वहीतली माणसं परत येतात, आणि परत येणाऱ्या माणसावरच वर्षाचा अंदाज बांधता येतो. मला तिच्या फायलीत पुढच्या सहा महिन्यांचं उत्पन्न अंदाजानं लिहिता येतं. लाखो लोकांनी ऐकलेल्या एका मुलाच्या फायलीत मला पुढचा महिनाही लिहिता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, गाण्याला सारखे पैसेच काय मोजायचे? याचं उत्तरही मिरजेतच आहे. अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले होते. ख्वाजा शमना मिरा यांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती, उरुसात ते तिथे गायचे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासजवळच्या एका लहानशा स्टेशनच्या फलाटावर त्यांचं देहावसान झालं आणि त्यांना मिरजेत आणून त्याच दर्ग्याच्या आवारात पुरलं. त्यांच्या आठवणीत उरुसाच्या वेळी तिथे संगीतसभा होते. देशभरातले कलावंत येतात, रात्रभर गातात, मानधन घेत नाहीत. चिंचेच्या झाडाखाली, जाजमावर, मिरज आणि आसपासची माणसं बसलेली असतात. ऊसतोडीवाला असतो, सतारमेकर असतो, डॉक्टर असतो. मी ते लहानपणापासून ऐकलं आहे आणि त्याच्याइतकं श्रीमंत गाणं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. ते फुकट आहे कारण ते गाणाऱ्यानं दिलं आहे, खाँसाहेबांच्या पायाशी सेवा म्हणून. देणारा तो आहे. बिल्डरच्या फलकाखालच्या गाण्यात देणारा फलकवाला असतो आणि आभारही त्याचेच मानले जातात. वर्षभर ज्याला तिकिटाचे पैसे मिळतात त्यालाच एक रात्र अशी देता येते.

त्या कोल्हापूरकडच्या मुलीनं यंदा मिरजेत बैठक ठरवली आहे. तिकिटावरून आमचा वाद चालू आहे. माझं म्हणणं, तीनशेचं चारशे कर. तबलजीचा दर वाढला, डिझेल वाढलं, तुझं नावही झालं. ती ऐकत नाही. तिचं म्हणणं, मिरजेत गाण्याचे विद्यार्थी फार, त्यांना चारशे जड जातील. मी म्हटलं, मग विद्यार्थ्यांना दीडशे ठेव आणि आमच्यासारख्या कमावत्यांना पाचशे. हे तिला पटलं. पाचशेची पहिली तीन तिकिटं मी माझ्या आईसाठी, शेजारच्या काकूंसाठी आणि आमच्या गल्लीतल्या, तारा जुळवण्यात सारा जन्म गेलेल्या चाचांसाठी काढली आहेत. चाचा म्हणाले, मला कशाला तिकीट, मी तर तिचा तंबोरा लावून देणार आहे. मी त्यांना सांगितलं की तंबोरा लावण्याचे पैसे तुम्ही तिच्याकडून घ्यायचे, आणि खुर्चीचे तिनं तुमच्याकडून.